रॉकेलच्या रांगेच्या तीस प्रती

कालिंदी टिपणीसनं ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आधीच वैतागलेली होती. फेरीबोट उशिरा सुटली होती, हावड्याच्या मोठ्या रस्त्यावर मोर्चा आडवा आला होता, आणि कदमतल्यातल्या आपल्या छापखान्यात पोचायला तिला एका बंद पडलेल्या फाउंड्रीमागच्या गल्लीतून वळसा घ्यावा लागला होता. त्या फाउंड्रीच्या लांबच लांब भिंतीवर रॉकेलची रांग काढलेली होती.

सतरा माणसं आणि एक शेळी. प्रत्येकाच्या हातात डबा, बाटली किंवा कळशी. रंग चारच होते: चुन्याचा पांढरा, विटेच्या भुकटीचा तांबडा, काजळीचा काळा आणि कपड्यांना घालायच्या निळीचा निळा. एक बाई डब्यावर बसून झोपली होती. एक म्हातारा पुढच्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता, जणू दुकान दिसलं तर रॉकेल लवकर मिळेल. मोर्चाच्या घोषणा लांबून ऐकू येत होत्या आणि कालिंदी त्या भिंतीसमोर अर्धा तास उभी राहिली. शेवटच्या माणसाच्या पायाशी बंगालीत एकच शब्द लिहिला होता, 'निमाई', आणि त्याखाली झोकदार रेघ.

ही १९७३ सालच्या कार्तिकातली गोष्ट. कालिंदी तेव्हा चाळिशीला आली होती. तिचे वडील नारायणराव लढाईच्या काळात कलकत्त्याला आले, पंख्यांच्या एका कंपनीत लागले आणि पुढे हावड्यात त्यांनी स्वतःचा सिल्क-स्क्रीनचा, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या रेशमातून शाई ओढून छापायचा, छापखाना काढला. पंप, पंखे आणि मोटारींवर ज्या पत्र्याच्या पट्ट्या असतात, कंपनीचं नाव, नंबर, अश्वशक्ती, त्या छापायच्या. कालिंदी कलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा नारायणरावांना अर्धांगाचा झटका आला. ती चार दिवसांसाठी म्हणून छापखान्यात बसली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. वडील गेले, धाकटा भाऊ अशोक बँकेत लागला, त्याचं लग्न झालं. कालिंदी भवानीपूरच्या घरातून रोज सकाळी निघायची, नदी ओलांडायची आणि पट्ट्या छापायची.

फाउंड्रीच्या भिंतीबद्दल तिनं मिसेस मेहरोत्रांना सांगितलं. प्रेमलता मेहरोत्रांची पार्क स्ट्रीटजवळ चित्रांची गॅलरी होती आणि आपल्या आमंत्रणपत्रिका त्या कालिंदीकडून छापून घेत. त्या गाडी घेऊन आल्या, गल्लीत चिखल असूनही उतरल्या, आणि भिंत पाहून म्हणाल्या, "भिंत विकता येत नाही. पण याची छापील आवृत्ती काढता येईल. कराल तुम्ही?"

"मी?"

"तुमच्याशिवाय कोण आहे इथे? तीस प्रती. तीसच. एकतिसावी निघाली की तीसच्या तीस वाया. प्रत्येकीवर पेन्सिलनं नंबर आणि चित्रकाराची सही. काम संपलं की स्क्रीन पुसून टाकायचे. जानेवारीत प्रदर्शन आहे."

त्या रात्री कालिंदीला जेवणही धड गेलं नाही, इतका आनंद झाला होता तिला.

निमाई सांतरा सापडला तो पहिल्या खेपेला, अगदी सहज. फाउंड्रीसमोरच्या चहाच्या टपरीवर बसला होता. पस्तिशीचा, काटकुळा माणूस, भुवयांवर चुन्याचे शिंतोडे. घरं रंगवायचं काम करायचा. मालकाची भिंत रंगवून जे काही डब्यात उरेल त्यातून रस्त्यावरची भिंत. कालिंदीनं त्याला बंगालीतून सगळं समजावून सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"करा की, दीदी. भिंत काय माझी आहे?"

"असं नाही चालायचं. मी काम करत असताना तुम्ही येऊन बघायला हवं. बरोबर होतंय का ते सांगायला हवं. आणि शेवटी सह्या."

"येईन ना."

"पत्ता द्या तुमचा."

त्यानं टपरीकडे बोट दाखवलं.

कालिंदीनं तीन रविवार त्या भिंतीसमोर घालवले. मोठ्या कागदांवर चित्र उतरवून घेतलं, चौकोन आखून लहान केलं, आणि एकेका रंगासाठी स्क्रीनवर चिकटवायची वेगळी फिल्म कापायला घेतली. बारीक पात्यानं काजळीच्या ओघळांसकट सगळं कापायचं होतं. दिवसा पट्ट्यांचं काम आणि दुपारी जेवणाच्या सुटीत हे. वीज जायची तेव्हा ती खिडकीशी टेबल ओढून घ्यायची. त्यातच एका दुपारी रांगेतल्या नवव्या माणसापाशी तिचं पातं थांबलं. मान खाली घालून उभा असलेला तो माणूस, आणि त्याच्या दोन्ही पायांत डाव्याच चपला. घाईत चुकलं असणार. एकोणीस वर्षं ती गिऱ्हाइकांच्या चुका दुरुस्त करत आली होती. कंपनीवाले कधी 'मोटर'चं स्पेलिंग चुकवून पाठवत, कधी अंक उलटा काढत, आणि ती न बोलता सुधारून छापायची. तिनं उजव्या पायात उजवी चप्पल कापली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

निमाईला तिनं टपरीवाल्याकडून तीन वेळा निरोप पाठवला. तो आला नाही.

छपाईला अकरा दिवस लागले. हातकागदाचे पन्नास ताव आणले होते. आधी पांढरा, मग तांबडा, मग निळा, शेवटी काळा. प्रत्येक रंग आधीच्या रंगावर बरोबर बसायला हवा, केसाइतका सरकला तरी म्हाताऱ्याला दोन नाकं. तिच्या हाताखाली श्यामसुंदर होता, बिहारातल्या आऱ्याकडचा, वडिलांच्या वेळेपासूनचा कारागीर. तो चौकट धरायचा, ती रबरी पट्टीनं शाई ओढायची. चाळीस तावांतून तीस निर्दोष निघाले, दहा बिघडले, आणि दहा ताव कोरेच राहिले. तीस प्रती दोरीवर वाळत असताना श्यामसुंदर खालून वर बघत म्हणाला, "दीदी, पंखे की पट्टी से तो अच्छा है."

त्याच्याकडून याहून मोठी दाद कुणालाच मिळाली नव्हती.

आता फक्त सह्या.

टपरीवाला म्हणाला, निमाई शिबपूरला गेलाय, एका वकिलाच्या घरी काम आहे. कालिंदी शिबपूरला गेली. वकिलाच्या बायकोनं सांगितलं, कालच संपलं की काम. सालकियाला बघा. सालकियाच्या घरमालकानं उलट तिच्यावरच राग काढला, कारण निमाई तिथला जिना अर्धा टाकून बालीला गेला होता. लग्नाचा हंगाम तोंडावर, सगळ्या हावड्याला घरं रंगवून हवी होती. बालीच्या गल्लीत शिरल्याबरोबर तिला समोरच्या भिंतीवर नवं चित्र दिसलं. नळावर भांडणाऱ्या बायका. तिनं बोट लावून पाहिलं, चुना ओला होता. ती धावत रंगकाम चाललेल्या घरात गेली.

"सांतरा? आत्ताच गेला. दहा मिनिटं झाली असतील. स्टेशनकडे गेला."

स्टेशनवर तिनं दोन्ही प्लॅटफॉर्म पालथे घातले. चुन्याचे शिंतोडे असलेली पाच माणसं दिसली, त्यांत निमाई नव्हता. बाकावर बसून तिनं पिशवीतली पेन्सिल काढली, सह्यांसाठी मुद्दाम घेतलेली, चांगली, आणि ती पुन्हा पिशवीत टाकून दिली. ज्या माणसाची चित्रं अख्ख्या गावाला फुकट बघायला मिळतात तो माणूस मात्र आपल्याला दिसू नये, याचा तिला इतका संताप आला की शेजारी बसलेली बाई उठून दुसरीकडे गेली.

इकडे मिसेस मेहरोत्रांचे फोन सुरू झाले. छापखान्यात फोन नव्हता, तो शेजारच्या बोल्टवाल्याकडे. बोल्टवाला दर वेळी दारात येऊन ओरडायचा, "मेमसाहेब!" आणि कालिंदी हातातलं काम टाकून धावायची.

"सह्या झाल्या?"

"होतील. तो जरा कामात आहे."

"मिस टिपणीस, मंगळवारी उद्घाटन आहे. सोमवारी सकाळी माझा ड्रायव्हर येईल. सही नसेल तर ते पोस्टर झालं. पोस्टर मी लावत नाही."

शुक्रवारी संध्याकाळी अशोक घरी आला. आईनं साबुदाण्याच्या खिचडीची बशी पुढे केली. ती खाता खाता त्यानं बहिणीची सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाला, "ताई, मग तूच कर ना सही."

"काहीतरी बोलू नकोस."

"काहीतरी काय? चित्र तू उतरवलंस, तू कापलंस, तू छापलंस. तो स्वतः म्हणाला ना, करा म्हणून?"

"छापा म्हणाला. सही करा असं नाही म्हणाला."

"त्याला काही फरक पडतोय का? भेटायलासुद्धा येत नाही तो. तू बँकेत असतीस तर मी असं बोललो नसतो. पण ही भिंतीवरची चित्रं, ताई!"

"बँकेत चालत नाही ते इथे चालतं?" कालिंदी म्हणाली. "माझ्या कामात खोटं चालतं, असंच ना?" ती आपली बशी तशीच ठेवून उठली. आई अशोकला रागावली, अशोक आईला काहीतरी म्हणाला. ते ऐकायला कालिंदी थांबली नाही.

शनिवारी ती पुन्हा बालीला जाऊन आली. रविवारी सकाळी फाउंड्रीसमोरच्या टपरीवर दोन तास बसली, चार कप चहा प्यायली. टपरीवाल्यालाच शेवटी तिची दया आली. म्हणाला, "आला तर तुमच्याकडे धाडतो, दीदी. शपथ."

दुपारी ती छापखान्यात आली. रविवार, त्यामुळे सगळी गल्ली बंद. तिनं एका रद्दी कागदावर पेन्सिलनं 'निमाई' लिहिलं. खाली रेघ ओढली. भिंतीवरची ती सही तिनं चित्राबरोबरच उतरवून घेतली होती, तिचे झोके तिच्या हाताला पाठ होते. पहिल्याच फटक्यात बरोबर आली. दुसऱ्यांदा केली, तीही आली. मग तिनं पहिली प्रत पुढे ओढली, डाव्या कोपऱ्यात १/३० लिहिलं आणि उजव्या कोपऱ्यात त्याचं नाव. दहाव्या प्रतीपर्यंत तिला भीती वाटत होती. विसाव्यापुढे तिला नुसता कंटाळा आला. तिसावी झाल्यावर तिनं रोजच्या सवयीनं रॉकेलनं हात धुतले, पेन्सिलनं ते काळे झालेच नव्हते तरी.

मंगळवारी संध्याकाळी गॅलरीत गर्दी होती. रांगेची दोन चित्रं फ्रेम करून समोरच्या भिंतीवर लावली होती आणि बाकीची टेबलावर फोल्डरमध्ये होती. कालिंदी आईची जांभळी कांजीवरम नेसून आली होती. कुणीतरी तिला विचारलं, आपण चित्रकाराच्या कोण? मिसेस मेहरोत्रा म्हणाल्या, "या आमच्या प्रिंटर." पहिल्या तासाभरात चौघांनी प्रती घेतल्या. एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून काजळीचे ओघळ अगदी जवळून बघत होते, आणि कालिंदीला वाटलं, झालं ते झालं, सही कुणाचीही असो, हे ओघळ माझे आहेत.

तेवढ्यात दाराशी आवाज चढले. दरवान कुणाला तरी अडवत होता. कालिंदीनं मान उंचावून पाहिलं. निमाई सांतरा होता. धुतलेला सदरा, केसांना तेल, खांद्याला पिशवी, आणि पिशवीतून कुंचल्याचा दांडा बाहेर आलेला.

ती धावत गेली. "तुम्ही? इथे?"

"टपरीवाल्यानं शिव्या घातल्या. तुमच्या छापखान्यात गेलो, तर तुमच्या म्हाताऱ्यानं इथे धाडलं," निमाई हसला. "बघू तरी."

त्याला आत घेण्यावाचून इलाज नव्हता. तो थेट फ्रेमसमोर जाऊन उभा राहिला. डावीकडून सुरुवात करून एकेक माणूस बघत गेला. शेळीपाशी त्याला हसू फुटलं. मग तो खाली वाकला आणि पेन्सिलची सही बघितली.

"ही माझी सही," तो हळूच म्हणाला. "माझ्याहून चांगली केलीत."

"निमाईबाबू, मी तुम्हाला पंधरा दिवस शोधत होते. मी..."

"त्याचं काही नाही, दीदी. नाव काय, कुणीही लिहावं." त्यानं काचेवर बोट टेकवलं, नवव्या माणसावर. "पण हाबुलच्या चपला का बदलल्या?"

"काय?"

"हाबुलच्या दोन्ही डाव्या आहेत."

"ती चूक होती ना?"

"चूक कसली? कालीघाटला कुणीतरी त्याची उजवी चप्पल घालून गेलं आणि स्वतःची डावी ठेवून गेलं. म्हणजे बघा, या शहरात कुठेतरी एक माणूस दोन उजव्या चपला घालून फिरतोय. हाबुल त्याला शोधतोय. दोन वर्षं झाली. रांगेत उभा राहिला की लोकांचे पाय बघतो. म्हणून मान खाली आहे त्याची." निमाईनं तिच्याकडे पाहिलं. "मान तर तुम्ही बरोबर काढलीत."

कालिंदीनं ती मान काढायला अख्खी दुपार घालवली होती. तिला वाटलं होतं, माणूस दमलाय.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" तिचा आवाज चढला, तशी ती त्याला बाहेर फुटपाथवर घेऊन आली. "तीन निरोप पाठवले मी! या, बघा, बरोबर आहे का सांगा, म्हणून! शिबपूर, सालकिया, बाली..."

"काम होतं, दीदी."

"माझंही कामच होतं हे!"

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "सही राहू दे. चपला तेवढ्या नीट करा."

"छापलेल्या चपला नीट होत नाहीत."

"का? भिंतीवर होतात. थोडा चुना लावायचा, वर काळा. कुंचला आहे माझ्याकडे, आत्ता करून देतो." त्यानं पिशवीत हात घातला.

"काढू नका तो कुंचला!" कालिंदी ओरडली. दरवान वळून बघू लागला.

"मग ते चित्र माझं नाही," निमाई म्हणाला. तो अजिबात रागावला नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. "हाबुल बघेल तर काय म्हणेल? त्याला वाटेल, मिळाली चप्पल."

मिसेस मेहरोत्रा दारात आल्या होत्या. कालिंदीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की आता लपवायचं तर आणखी दहा गोष्टी लपवाव्या लागतील. तिला तेवढी शक्ती नव्हती. तिनं तिथेच, पायरीवर, सगळं सांगितलं.

मिसेस मेहरोत्रांनी आवाज जरासुद्धा चढवला नाही. "तीसच्या तीस?"

"हो."

"आणि हा तो चित्रकार? मग हा आलाय ना! तुमच्या सह्या खोडा आणि याला करू दे. आत्ता, माझ्या केबिनमध्ये."

कालिंदीनं ते बंगालीत सांगितलं. निमाई म्हणाला, "चपला."

"काय म्हणतो?"

"चपला चुकल्यात म्हणतो. माझ्याकडून. त्या दुरुस्त झाल्याशिवाय सही करणार नाही."

"चपला कोण बघतंय?" मिसेस मेहरोत्रा म्हणाल्या. "प्रश्न सहीचा आहे!"

कालिंदीनं हेही भाषांतर केलं. निमाईला ते खरंच समजलं नाही. "सही तर ठीक आहे," तो म्हणाला. "चपला चुकल्यात."

कालिंदी दोघांच्या मधे उभी होती. एकाला सही चालत होती, चपला चालत नव्हत्या. दुसरीला चपला चालत होत्या, सही नाही. आणि दोन्ही गोष्टी तिनंच, स्वतःच्या हातानं, अतिशय सुबक केल्या होत्या.

प्रती उतरवल्या गेल्या. ज्या चौघांनी घेतल्या होत्या त्यांची मिसेस मेहरोत्रांनी स्वतः माफी मागितली. "फाडून टाका सगळ्या," त्या कालिंदीला म्हणाल्या. "बाहेर एकही राहता कामा नये. आणि यापुढे आमंत्रणपत्रिका मी दुसरीकडून करून घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात कालिंदी आणि श्यामसुंदर फाडायला बसले. हातकागद चिवट असतो, सहज फाटत नाही. पाच-सहा झाल्यावर कालिंदीनं कात्री घेतली. श्यामसुंदर एका तुकड्याकडे बघून म्हणाला, "हाबुल की चप्पल तो सचमुच दोनों बाएँ पैर की है, दीदी. मैं तो उसी लाइन में तेल लेता हूँ."

कालिंदीची कात्री थांबली. "तुम्हाला माहीत होतं?"

"सबको मालूम है."

"मग छापताना का नाही बोललात? अकरा दिवस माझ्यासमोर चौकट धरून उभे होता!"

"मैंने सोचा, आप सुधार रही हैं. आप तो हमेशा सुधारती हैं."

एकोणीस वर्षांत ती त्याच्यावर कधी ओरडली नव्हती. त्या दिवशी ओरडली, बोल्टवाला बघायला येईपर्यंत. श्यामसुंदरनं सगळं ऐकून घेतलं, मग तुकडे पोत्यात भरून बाहेर नेऊन ठेवले आणि पंपांच्या पट्ट्यांची शाई कालवायला घेतली. दुपारी तिनं त्याच्यासमोर चहा ठेवला. त्यानं तो घेतला.

घरी अशोक म्हणाला, "सांगायची गरजच काय होती, ताई?" त्याचंही तिनं काही ऐकून घेतलं नाही.

निमाई फुटपाथवरून निघताना म्हणाला होता, "रविवारी येतो. नीट करू." रविवारी तो आला नाही. पुढच्या रविवारीही आला नाही. कालिंदीनं ठरवलं, विषय संपला. तरी चारांतला एकही स्क्रीन तिनं पुसला नाही. त्यांच्याकडे नजर गेली की चिडायची आणि दुसरीकडे बघायची.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी भर अकरा वाजता, सहाशे पट्ट्यांची घाईची ऑर्डर चालू असताना निमाई दारात उभा राहिला. बरोबर एक बुटका, टकला माणूस होता, हातात रॉकेलचा रिकामा डबा.

"हा हाबुल," निमाई म्हणाला. "म्हटलं, समोर बघूनच करावं."

"आत्ता? आज गुरुवार आहे! मी दोन रविवार इथे बसून काढलेत!"

"रविवारी रॉकेल मिळत होतं, दीदी," हाबुल अपराधी चेहऱ्यानं म्हणाला. तो खाली बघत होता. आधी त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं, मग श्यामसुंदरच्या.

कालिंदीनं हातातली रबरी पट्टी आपटली. मग हाबुलला टेबलावर उभं केलं. चपलांचा एकेक पट्टा मोजून रेखाटला. एक तपकिरी, अंगठा झिजलेला. दुसरी काळी, एक नंबरानं मोठी, त्यामुळे टाच मागे मोकळी राहायची. भिंतीवर हेही बरोबर होतं, आणि तिच्या नजरेतून सुटलं होतं. निमाईला तिनं पातं दिलं, "आता तुम्हीच कापा." त्यानं तीन फिल्म वाया घालवल्या. चौथी तिनं त्याचा हात धरून कापून घेतली. काळ्या रंगाच्या स्क्रीनवरचा जुना पाय लाखेनं बुजवून त्या जागी नवा बसवला. पट्ट्यांची ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली, आणि कंपनीच्या माणसाकडून तिनं जे ऐकून घेतलं ते सांगण्यासारखं नाही.

दहा कोरे ताव उरले होते. चारही रंग पुन्हा ओढले. आठ प्रती चांगल्या निघाल्या. निमाईनं आठांवर सह्या केल्या, प्रत्येकीवर वेगळी. एकीवर पूर्ण नाव, एकीवर नुसतं 'नि', एकीवर रेघ विसरला. कालिंदीनं कपाळाला हात लावला. मग स्क्रीन टेबलावर घेऊन चिंधीनं चारही पुसून काढले, रेशीम कोरं होईपर्यंत.

मिसेस मेहरोत्रांना तिनं पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. चार प्रती तिनं ठेवून घेतल्या, चार निमाईला दिल्या, तेलकट कागदात गुंडाळून, दोरीनं बांधून, हात कोरडे ठेवा, घडी घालू नका, उन्हात लावू नका, असं दोनदा बजावून.

चैत्र लागल्यावर एकदा ती कामासाठी सालकियाला बसनं चालली होती. एका वळणावर तिला खिडकीतून ओळखीचा निळा दिसला. तिनं बस थांबवली आणि उतरली. एका लोहाराच्या दुकानाच्या भिंतीवर, सिनेमाची जाहिरात आणि कुठल्याशा सभेचं पत्रक यांच्या मधे, तिची प्रत चिकटवलेली होती. पिठाच्या खळीनं. कोपऱ्यात तिच्या हातचं ३/८ स्पष्ट वाचता येत होतं. उन्हानं तांबडा उडायला सुरुवात झाली होती.

"कुणी लावलं हे?" तिनं लोहाराला विचारलं.

"निमाईनं. माझी बायको आहे ना त्यात, डब्यावर झोपलेली. म्हणून."

कालिंदीनं एक कोपरा नखानं उचकटून पाहिला. कागद सुटण्याऐवजी फाटायला लागला. तिनं हात काढून घेतला. रक्ताचं पाणी करून छापलेली, आठांतली एक, आणि ही तिची जागा! दुपारचं ऊन थेट वर पडत होतं, ओठांवर आलेल्या शिव्या तिला मराठीत, हिंदीत आणि बंगालीत एकदमच सुचत होत्या.

"अहो, फाडू नका," लोहाराची बायको आतून धावत आली. हात राखेनं भरलेले होते. "तुमचं काय बिघडतंय त्यानं?"

"मी छापलंय ते," कालिंदी म्हणाली.

बाईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं, विश्वास ठेवावा की नाही अशा नजरेनं. मग म्हणाली, "मग चांगली खळ तरी लावायची. वारा आला की फडफडतं."

कालिंदीनं तिच्याकडे वाटीभर खळ मागितली. उचकटलेला कोपरा पुन्हा बसवला, चारही कडा तळव्यानं दाबून घेतल्या, आणि हात साडीच्या पदराला पुसत पुढच्या बससाठी रस्ता ओलांडला.